मातीतील ओलाव्याचे सूक्ष्मतरंग मापन

मातीतील ओलाव्याचे सूक्ष्मतरंग मापन ही जमिनीच्या वरच्या थरातील पाण्याचे प्रमाण सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने ठरवण्याची पद्धत आहे. सूक्ष्मतरंग म्हणजे साधारणपणे १ मिलिमीटर ते १ मीटर तरंगलांबीचे विद्युतचुंबकीय तरंग. मातीत खोचलेल्या धातूच्या सळयांपासून मनोऱ्यांवर, विमानांत आणि उपग्रहांवर बसवलेल्या रेडिओमीटर व रडारपर्यंत अनेक उपकरणे या कामासाठी वापरली जातात. युरोपीय अंतराळ संस्थेचा ‘स्मॉस’ (प्रक्षेपण २००९) आणि अमेरिकेच्या नासा या संस्थेचा ‘स्मॅप’ (प्रक्षेपण २०१५) हे खास या मापनासाठी पाठवलेले दोन प्रमुख उपग्रह आहेत.

यांपैकी कोणतेही उपकरण पाणी प्रत्यक्ष मोजत नाही. उपकरण तरंगाची तीव्रता, त्याचा प्रवासकाळ किंवा त्याचे परावर्तन नोंदवते आणि त्या नोंदीवरून ओलाव्याचा अंदाज बांधला जातो. मातीचा पोत, तापमान, पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि वरील वनस्पती यांचाही प्रभाव त्या नोंदीवर पडतो. त्यामुळे उपग्रहाने दिलेल्या आकड्याचा अर्थ जमिनीवरील मोजणीशी ताडूनच लावावा लागतो.

पार्श्वभूमी

पृथ्वीवरील एकूण पाण्यापैकी केवळ ०.००१ टक्क्याच्या आसपास, म्हणजे सुमारे १६,५०० घन किलोमीटर पाणी मातीत ओलाव्याच्या रूपात असल्याचा अंदाज आहे. हा वाटा अल्प असला तरी त्याचे परिणाम मोठे आहेत. पडलेल्या पावसापैकी किती पाणी मुरेल आणि किती ओढ्यानाल्यांत वाहून जाईल, हे जमीन आधीच किती ओली आहे यावर बरेचसे ठरते. सूर्याकडून मिळालेली ऊर्जा ओल्या जमिनीत बाष्पीभवनासाठी खर्च होते, तर कोरड्या जमिनीत ती जमीन आणि तिच्यावरील हवा तापवते. शेतीच्या दृष्टीने तर पाऊस किती मिलिमीटर झाला यापेक्षा जमिनीत ओल किती राहिली हे अधिक महत्त्वाचे असते. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी आणि हवा यांचे योग्य प्रमाण असण्याच्या स्थितीला मराठी शेतकरी ‘वाफसा’ म्हणतो. पेरणीची वेळ याच स्थितीवरून ठरते.

ओलावा बहुधा आकारमानाच्या प्रमाणात सांगितला जातो. एक चौरस मीटर जमिनीच्या वरच्या ५ सेंटिमीटर थरात ५० लिटर आकारमानाची माती असते. तिचा ओलावा २५ टक्के असेल, तर त्या थरात साडेबारा लिटर पाणी आहे. मोजणीची प्रमाण मानली जाणारी पद्धत अगदी साधी आहे. मातीचा नमुना घेऊन त्याचे वजन करतात, तो १०५ अंश सेल्सिअस तापमानाला साधारण २४ तास वाळवतात आणि पुन्हा वजन करतात. वजनात आलेली घट म्हणजे पाणी. ही पद्धत विश्वसनीय असली तरी तीत नमुना उकरून काढावा लागतो, त्यामुळे त्याच मातीची पुन्हा मोजणी करता येत नाही आणि मोठ्या प्रदेशासाठी ती वापरणे अशक्य ठरते. शिवाय एकाच शेतातही ओलावा काही मीटरवर बदलतो. मोठ्या प्रदेशावर, वारंवार आणि मातीला धक्का न लावता मोजणी करण्याच्या गरजेतून सूक्ष्मतरंग पद्धतींचा विकास झाला.

भौतिक तत्त्व

या मापनाचा पाया पाण्याच्या एका विद्युत गुणधर्मात आहे. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धनभारित आणि दुसरी किंचित ऋणभारित असते. बाहेरून विद्युत क्षेत्र लागू केले की हे रेणू त्या क्षेत्राच्या दिशेने वळू पाहतात. पदार्थ अशा क्षेत्राला किती प्रतिसाद देतो, हे त्याच्या विद्युत् अपारक स्थिरांकाने व्यक्त होते. हवेसाठी हा स्थिरांक जवळपास १, कोरड्या मातीसाठी साधारण ३ ते ५ आणि द्रवरूप पाण्यासाठी सुमारे ८० असतो. मातीच्या नेहमीच्या घटकांपैकी दुसऱ्या कशाचाही स्थिरांक पाण्याच्या जवळपासही जात नाही. म्हणून मातीत पाणी वाढले की मिश्रणाचा स्थिरांक झपाट्याने वाढतो. चिंब मातीत तो २० ते ३० पर्यंत पोहोचू शकतो.

स्थिरांक वाढला की मातीचा पृष्ठभाग अधिक परावर्तक होतो, आणि जो पृष्ठभाग अधिक परावर्तन करतो तो स्वतः कमी उत्सर्जन करतो. गुळगुळीत, उघड्या मातीवर सरळ वरून पाहिल्यास स्थिरांक ४ असताना तिची उत्सर्जकता सुमारे ०.८९ येते, स्थिरांक २० झाला की ती सुमारे ०.६० वर उतरते. मातीचे खरे तापमान ३०० केल्व्हिन, म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सिअस असेल, तर सूक्ष्मतरंगांत ती पहिल्या स्थितीत २६७ केल्व्हिन आणि दुसऱ्या स्थितीत १८० केल्व्हिन तापमानाची असल्यासारखी ‘दिसते’. या भासमान तापमानाला दीप्ती तापमान म्हणतात. चांगला रेडिओमीटर एक-दीड केल्व्हिनचा फरकही ओळखू शकतो. त्यामुळे सुमारे ८७ केल्व्हिनचा हा फरक टिपणे उपकरणाला अवघड नसते. अवघड असते ते इतर कारणांनी होणारे फरक त्यातून वेगळे काढणे.

पाणी गोठले की त्याचे रेणू मोकळेपणाने वळू शकत नाहीत आणि स्थिरांक सुमारे ३ पर्यंत खाली येतो. त्यामुळे गोठलेली ओली जमीन सूक्ष्मतरंगांना कोरड्या जमिनीसारखी दिसते. हा अडथळा असला तरी त्याचा उपयोगही होतो. उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशांत जमीन केव्हा गोठते आणि केव्हा वितळते याची नोंद याच बदलावरून घेतली जाते.

तरंगलांबीची निवड

एक्स पट्टा (सुमारे १० गिगाहर्ट्‌झ, तरंगलांबी ३ सेंटिमीटर), सी पट्टा (सुमारे ५ ते ७ गिगाहर्ट्‌झ, तरंगलांबी ५ सेंटिमीटरच्या आसपास) आणि एल पट्टा (१ ते २ गिगाहर्ट्‌झ) हे तीन पट्टे या कामात मुख्यतः वापरले गेले. तरंगलांबी जितकी अधिक, तितका तरंग पानांतून व काड्यांतून सहज पार होतो आणि मातीच्या अधिक खोल थराची माहिती देतो. १.४ गिगाहर्ट्‌झ वारंवारतेचा, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीचा तरंग मातीच्या वरच्या सुमारे ५ सेंटिमीटर थराविषयी सांगतो. माती कोरडी असेल तर ही खोली वाढते, चिंब असेल तर घटते. ढगांचा या तरंगावर फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे पावसाळ्यात आकाश झाकोळलेले असतानाही आणि रात्रीही मोजणी करता येते.

१४०० ते १४२७ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. हायड्रोजन अणूंचे २१ सेंटिमीटरचे उत्सर्जन याच पट्ट्यात येत असल्याने रेडिओ खगोलशास्त्रासाठी तो आंतरराष्ट्रीय नियमांनी राखून ठेवला आहे आणि त्यात कोणतेही प्रक्षेपण करण्यास मनाई आहे. मातीचे अतिशय क्षीण नैसर्गिक उत्सर्जन ऐकण्यासाठी लागणारी शांतता त्यामुळे या पट्ट्यात मिळणे अपेक्षित असते.

जमिनीवरील संवेदक

जमिनीवर सर्वाधिक रुळलेली पद्धत म्हणजे कालाधारित परावर्तनमापन. ती ‘टीडीआर’ या नावाने ओळखली जाते. तीत दोन किंवा तीन समांतर धातूच्या सळया मातीत खोचून त्यांतून अतिशय आखूड विद्युत स्पंद सोडला जातो. तो सळईच्या टोकावरून परावर्तित होऊन परत येण्यास किती वेळ लागतो हे मोजतात. स्थिरांक जितका मोठा, तितका स्पंदाचा वेग कमी. १५ सेंटिमीटर लांबीच्या सळयांतून जाऊन येण्यास स्थिरांक ४ असलेल्या मातीत २ नॅनोसेकंद लागतात, तर स्थिरांक २० असलेल्या मातीत सुमारे साडेचार नॅनोसेकंद.

मिळालेल्या स्थिरांकावरून ओलावा काढण्यासाठी कॅनडातील जी. सी. टॉप, जे. एल. डेव्हिस आणि ए. पी. अन्नान यांनी १९८० साली एक प्रायोगिक समीकरण प्रसिद्ध केले. ‘टॉप समीकरण’ म्हणून ते आजही वापरले जाते. त्यानुसार स्थिरांक ४ असता ओलावा सुमारे साडेपाच टक्के, १० असता सुमारे १९ टक्के आणि २० असता सुमारे साडेचौतीस टक्के येतो. बऱ्याच खनिज मातींना हे समीकरण चांगले लागू पडते. सेंद्रिय द्रव्याचे किंवा चिकणमातीचे प्रमाण फार असलेल्या मातींसाठी मात्र स्वतंत्र अंशांकन करावे लागते. धारकता मोजणारे स्वस्त संवेदक याच तत्त्वावर, परंतु बहुधा सूक्ष्मतरंगांपेक्षा कमी वारंवारतेवर चालतात. ते क्षारता आणि तापमान यांना अधिक संवेदनशील असतात.

दुसरा प्रकार मनोऱ्यावर किंवा वाहनावर बसवलेल्या रेडिओमीटर व रडारचा. ही उपकरणे काही मीटर उंचीवरून एकाच शेताकडे दिवसेंदिवस पाहत राहतात. पीक वाढत असताना, नांगरणीनंतर किंवा पाऊस पडल्यावर संकेतात काय बदल होतो, हे त्यांच्यामुळे कळते. उपग्रहांच्या गणितात वापरली जाणारी अनेक सूत्रे अशाच प्रयोगांतून आली आहेत.

तिसऱ्या प्रकारात दुसऱ्याच कामासाठी सोडलेल्या तरंगांचा उपयोग केला जातो. जीपीएस उपग्रहांचे संकेत एल पट्ट्यात असतात. जमिनीवरील ग्राहकाकडे ते थेटही येतात आणि आसपासच्या जमिनीवरून परावर्तित होऊनही येतात. या दोहोंच्या व्यतिकरणाच्या आकृतिबंधावरून ग्राहकाभोवतालच्या जमिनीचा ओलावा काढता येतो. हेच तत्त्व अंतराळातून वापरण्यासाठी नासाने डिसेंबर २०१६ मध्ये ‘सिग्नस’ हा आठ लहान उपग्रहांचा समूह सोडला. त्याचा मूळ हेतू चक्रीवादळातील वाऱ्यांचा वेग मोजण्याचा असला, तरी उष्ण कटिबंधातील ओलाव्याची माहितीही त्याच्याकडून मिळू लागली.

उपग्रहीय मापनाचे प्रकार

निष्क्रिय मापनात उपग्रह स्वतः कोणताही तरंग सोडत नाही. रेडिओमीटर केवळ जमिनीचे नैसर्गिक उत्सर्जन ग्रहण करतो. ओलाव्याशी त्याचा संबंध तुलनेने सरळ असतो, परंतु विभेदनक्षमता फार कमी असते. अँटेनाला दिसणारा जमिनीचा तुकडा तरंगलांबी भागिले अँटेनाचा व्यास या प्रमाणात लहान-मोठा होतो. सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर एक किलोमीटर रुंदीचा तुकडा वेगळा ओळखायचा असेल, तर जवळपास दीडशे मीटर व्यासाची अँटेना लागेल. प्रत्यक्षात सहा मीटरची अँटेना नेणेही अभियांत्रिकीच्या दृष्टीने अवघड ठरते.

सक्रिय मापनात रडार स्वतः तरंग सोडून परत येणाऱ्या भागाची, म्हणजे पश्चप्रकीर्णनाची तीव्रता मोजते. कृत्रिम द्वारक रडार पद्धतीने काही मीटरपर्यंतची विभेदनक्षमता मिळवता येते. मात्र परत येणाऱ्या तरंगावर ओलाव्याइतकाच, किंबहुना कधी त्याहून अधिक प्रभाव जमिनीच्या खडबडीतपणाचा आणि वनस्पतींच्या रचनेचा असतो. नुकत्याच नांगरलेल्या आणि सपाट ठेवलेल्या शेजारशेजारच्या दोन शेतांत ओलावा सारखा असूनही रडारची नोंद वेगळी येते.

ही अडचण टाळण्यासाठी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना तंत्रविद्यापीठात बदल-निरीक्षणाची पद्धत विकसित झाली. एखाद्या ठिकाणी अनेक वर्षांत आढळलेली सर्वांत कोरडी आणि सर्वांत ओली नोंद अनुक्रमे शून्य व शंभर धरून आजची नोंद त्यांच्या दरम्यान कोठे बसते हे पाहिले जाते. खडबडीतपणा फारसा बदलत नाही असे गृहीत धरल्याने तो गणितातून बराचसा वगळला जातो. या पद्धतीने मिळणारा आकडा सापेक्ष असतो. त्याचे पाण्याच्या आकारमानात रूपांतर करण्यासाठी मातीची सच्छिद्रता माहीत असावी लागते.

इतिहास

१९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत अ‍ॅरिझोनातील फिनिक्स परिसरातील शेतांवरून सूक्ष्मतरंग रेडिओमीटर बसवलेली विमाने नेऊन, खाली त्याच वेळी घेतलेल्या मातीच्या नमुन्यांशी त्यांच्या नोंदींची तुलना करण्यात आली. नासातील थॉमस श्मुगे यांचे या क्षेत्रातील काम पायाभूत मानले जाते. रडारच्या बाजूने कॅन्सस विद्यापीठातील फवाझ उलाबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहनावर बसवलेल्या उपकरणांनी शेतांची दीर्घकाळ निरीक्षणे केली. १९७३ साली सोडलेल्या ‘स्कायलॅब’ या अंतराळ स्थानकावर १.४ गिगाहर्ट्‌झचा रेडिओमीटर होता.

१९७८ मध्ये ‘निंबस-७’ उपग्रहासोबत गेलेल्या बहुवारंवारता रेडिओमीटरपासून ओलाव्याच्या दीर्घकालीन नोंदींची मालिका सुरू झाली असे मानले जाते. त्याची सर्वांत कमी वारंवारता ६.६ गिगाहर्ट्‌झ होती. पुढे १९९१ पासून युरोपच्या ‘ईआरएस’ उपग्रहांवरील आणि २००६ पासून ‘मेटॉप’ मालिकेवरील सी पट्ट्याची रडार उपकरणे, तसेच २००२ साली ‘अ‍ॅक्वा’ उपग्रहावर व २०१२ साली जपानच्या ‘जीकॉम-डब्ल्यू१’ उपग्रहावर गेलेले रेडिओमीटर यांनी ही मालिका पुढे नेली. यांतील बहुतेक उपकरणे समुद्रावरील वारे, बर्फ किंवा पाऊस यांच्यासाठी बनवली होती. ओलाव्याची माहिती हा त्यांचा जोडलाभ होता. निरनिराळ्या उपग्रहांच्या नोंदी एका मापावर आणून युरोपीय अंतराळ संस्थेच्या हवामान बदल उपक्रमात १९७८ पासूनची सलग माहिती तयार करण्यात आली आहे. जागतिक हवामान निरीक्षण प्रणालीने २०१० साली मातीतील ओलाव्याचा समावेश अत्यावश्यक हवामान चलांमध्ये केला.

प्रमुख मोहिमा

स्मॉस : २ नोव्हेंबर २००९ रोजी रशियातील प्लेसेत्स्क येथून प्रक्षेपित झालेला हा एल पट्ट्यातील ओलावा व समुद्राच्या पाण्याची क्षारता मोजणारा पहिला समर्पित उपग्रह होय. प्रचंड अँटेना नेण्याऐवजी त्यात इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या तीन बाहूंवर ६९ लहान अँटेना बसवल्या आहेत. त्यांच्या नोंदी परस्परांशी जोडून मोठ्या अँटेनाचा परिणाम साधला जातो. ही युक्ती रेडिओ खगोलशास्त्रातून घेतलेली आहे. त्याची विभेदनक्षमता साधारण ३५ ते ५० किलोमीटर असून तो सुमारे तीन दिवसांत पृथ्वीचे निरीक्षण पूर्ण करतो. एकच ठिकाण निरनिराळ्या कोनांतून दिसत असल्याने माती आणि वनस्पती यांचे प्रभाव वेगळे करण्यास मदत होते.

स्मॅप : ३१ जानेवारी २०१५ रोजी कॅलिफोर्नियातील व्हॅन्डेनबर्ग येथून प्रक्षेपित झालेल्या या उपग्रहावर सहा मीटर व्यासाची जाळीदार अँटेना असून ती मिनिटाला सुमारे साडेचौदा फेरे घेते. एकाच अँटेनातून रेडिओमीटर व रडार दोन्ही चालवून पहिल्याची अचूकता आणि दुसऱ्याची विभेदनक्षमता एकत्र आणावी, अशी मूळ योजना होती. मात्र ७ जुलै २०१५ रोजी रडारचे प्रक्षेपण बंद पडले आणि ते पुन्हा सुरू करता आले नाही. रेडिओमीटर कार्यरत राहिला. रडारची उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी युरोपच्या ‘सेंटिनेल-१’ उपग्रहांच्या सी पट्ट्यातील रडार नोंदी स्मॅपच्या नोंदींशी जोडल्या जाऊ लागल्या. या दोन्ही उपग्रहांच्या कक्षा वेगळ्या असल्याने अशी माहिती तुलनेने कमी वेळा मिळते.

स्मॉस व स्मॅप हे दोन्ही उपग्रह स्थानिक वेळेनुसार सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास एखाद्या ठिकाणावरून जातात. पहाटेनंतरच्या या वेळी माती आणि वनस्पती यांचे तापमान जवळपास सारखे असते, तसेच वातावरणाच्या आयनांबरामुळे तरंगाच्या ध्रुवणात होणारा बदलही कमी असतो. त्यामुळे सकाळच्या नोंदी सहसा अधिक भरवशाच्या मानल्या जातात.

निसार : नासा आणि भारतीय अंतराळ संशोधन संस्था अर्थात इस्रो यांचा हा संयुक्त उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून जीएसएलव्ही प्रक्षेपकाद्वारे सोडण्यात आला. त्यावर नासाचे एल पट्ट्याचे आणि इस्रोचे एस पट्ट्याचे अशी दोन रडार आहेत. दोन्ही १२ मीटर व्यासाची एकच अँटेना वापरतात. उपग्रह दर १२ दिवसांनी त्याच मार्गावरून जातो. त्याच्या उद्दिष्टांत भूकवचातील हालचाली, हिमनद्या व जंगले यांच्यासोबत सुमारे २०० मीटर विभेदनक्षमतेने ओलावा मोजण्याचाही समावेश आहे. त्यापूर्वी इस्रोने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडलेल्या ‘ईओएस-०४’ या सी पट्ट्याच्या रडार उपग्रहाच्या उपयोगांतही मातीतील ओलाव्याचा उल्लेख आहे.

संकेतापासून ओलाव्यापर्यंत

रेडिओमीटरला मिळणाऱ्या उत्सर्जनात तीन भाग मिसळलेले असतात : वनस्पतींतून क्षीण होत वर आलेले मातीचे उत्सर्जन, वनस्पतींचे स्वतःचे वर जाणारे उत्सर्जन आणि वनस्पतींचे खाली जाऊन मातीवरून परावर्तित झालेले उत्सर्जन. हे तीन भाग वेगळे करण्यासाठी ‘टाऊ-ओमेगा’ प्रतिमान वापरले जाते. त्यातील टाऊ वनस्पतींमुळे होणारी क्षीणता आणि ओमेगा त्यांच्यामुळे होणारे प्रकीर्णन दर्शवितो.

गणनेत दीप्ती तापमानाला मातीच्या तापमानाने भागून उत्सर्जकता मिळवतात, वनस्पती व खडबडीतपणा यांचा प्रभाव वजा करतात, उरलेल्या उत्सर्जकतेवरून स्थिरांक काढतात आणि शेवटी मातीतील वाळू व चिकणमातीचे प्रमाण लक्षात घेऊन स्थिरांकावरून ओलावा काढतात. यांपैकी प्रत्येक पायरीवर बाहेरून आणलेली माहिती लागते. मातीचे तापमान सामान्यतः हवामानाच्या प्रतिमानातून, पोत मृदा नकाशांतून आणि वनस्पतींविषयीची माहिती दृश्य प्रकाशातील उपग्रहचित्रांतून किंवा अनेक कोनांच्या निरीक्षणांतून घेतली जाते. मृदा नकाशा चुकीचा असेल, तर उपकरण निर्दोष असूनही ओलाव्याचा आकडा चुकतो.

मुळांच्या खोलीवरील ओलावा थेट मोजता येत नाही. त्यासाठी वरच्या थराच्या नोंदी जलसंतुलनाच्या संगणकीय प्रतिमानात घालून एक मीटर खोलीपर्यंतचा अंदाज बांधला जातो. स्मॅपच्या माहितीवर आधारित असा अंदाज ९ किलोमीटरच्या चौकटीसाठी दर तीन तासांचा तयार केला जातो.

पडताळणी

स्मॉस व स्मॅप या दोहोंसाठी अपेक्षित अचूकता आकारमानाच्या चार टक्क्यांच्या आत, म्हणजे दर घनमीटर मातीमागे ०.०४ घनमीटर पाणी, अशी ठरवण्यात आली होती. ती साधली की नाही हे तपासण्यात मूलभूत अडचण मोजपट्टीची आहे. स्मॅपची ३६ किलोमीटर बाजूची एक चौकट १,२९६ चौरस किलोमीटर, म्हणजे १,२९,६०० हेक्टर व्यापते. महाराष्ट्रातील सरासरी तालुक्याहून हे क्षेत्र मोठे आहे. जमिनीतील संवेदक मात्र काही सेंटिमीटर परिघातील माती मोजतो. एका संवेदकाची नोंद संपूर्ण चौकटीची प्रतिनिधी मानता येत नाही.

म्हणून निवडक पाणलोट क्षेत्रांत अनेक संवेदक पसरून त्यांच्या भारित सरासरीशी उपग्रहाच्या आकड्याची तुलना केली जाते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील लिटल वॉशिटा आणि अ‍ॅरिझोनातील वॉलनट गल्च, ऑस्ट्रेलियातील यान्को आणि स्पेनमधील रेमेधुस ही अशी काही क्षेत्रे आहेत. या संवेदकांचे अंशांकन पुन्हा वाळवून वजन करण्याच्या जुन्या पद्धतीनेच होते. अंतराळातील मापनाची साखळी अशा रीतीने अखेर मातीच्या नमुन्याशी येऊन थांबते. जगभरातील जमिनीवरील नोंदी एकत्र करून मोफत उपलब्ध करून देणारे आंतरराष्ट्रीय मृदा-आर्द्रता जाळे २००९ साली सुरू झाले. अशी केंद्रे जगात विषम वाटली गेली आहेत. उत्तर अमेरिका व युरोप येथे ती दाट, तर उष्ण कटिबंधाच्या मोठ्या भागात विरळ आहेत. त्यामुळे ज्या प्रदेशांना उपग्रहाच्या माहितीची सर्वाधिक गरज आहे, त्यांपैकी अनेक ठिकाणी ती पडताळून पाहण्याची सोयच अपुरी आहे.

मर्यादा

वनस्पती : दर चौरस मीटर जमिनीवरील वनस्पतींत पाच किलोग्रॅमपेक्षा अधिक पाणी असलेल्या प्रदेशांसाठी स्मॅपच्या अचूकतेची हमी दिलेली नाही. घनदाट जंगले या मर्यादेत येतात, पण काही पिकेही येऊ शकतात. उदाहरणार्थ, एकरी ४० टन ऊस उभा असेल, तर दर चौरस मीटरवर सुमारे दहा किलोग्रॅम वजन भरते. त्यात ७० टक्के पाणी धरल्यास ते सात किलोग्रॅम होते.

मातीचा प्रकार : चिकणमातीच्या सूक्ष्म कणांच्या पृष्ठभागाला चिकटलेले पाणी मोकळ्या पाण्याप्रमाणे वळू शकत नाही, त्यामुळे त्याचा स्थिरांक बराच कमी असतो. दख्खनच्या पठारावरील काळ्या, भारी जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असल्याने हा परिणाम ठळक असतो. हलक्या, मुरमाड जमिनीचे सूत्र तिला जसेच्या तसे लावल्यास आकडा चुकतो. काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. त्यामुळे सळयांभोवती हवेची पोकळी निर्माण होऊन जमिनीतील संवेदकही खऱ्यापेक्षा कमी ओलावा दाखवू शकतो.

भूरूप व पाणी : डोंगराळ प्रदेशात उतारांमुळे निरीक्षणाचा कोन ठिकठिकाणी बदलतो. तलाव, मोठी नदी किंवा किनारा चौकटीत आल्यास उघड्या पाण्यामुळे दीप्ती तापमान घटते आणि जमीन प्रत्यक्षाहून ओली भासते.

रेडिओ व्यत्यय : राखीव पट्ट्यात प्रक्षेपणास मनाई असली तरी स्मॉस कार्यरत झाल्यावर युरोप व आशियाच्या मोठ्या भागांत बेकायदा किंवा सदोष प्रक्षेपकांचा तीव्र व्यत्यय आढळला. अशा ठिकाणी जमिनीचे क्षीण उत्सर्जन झाकले जाते. संबंधित देशांच्या प्रशासनांकडे तक्रारी केल्यानंतर, विशेषतः युरोपात, अनेक स्रोत बंद करण्यात आले. या अनुभवामुळे स्मॅपच्या रेडिओमीटरमध्ये व्यत्यय ओळखून वगळण्याची खास व्यवस्था आधीच करण्यात आली. सौम्य व्यत्यय अधिक घातक ठरू शकतो. त्याने दीप्ती तापमान थोडेसेच वाढते आणि दोष लक्षात न येता जमीन प्रत्यक्षाहून कोरडी असल्याचा निष्कर्ष निघतो.

उपयोग

हवामान अंदाजाच्या प्रतिमानांत जमिनीची आरंभस्थिती देण्यासाठी ओलाव्याच्या उपग्रहीय नोंदी वापरल्या जातात. मेटॉप उपग्रहांच्या नोंदींचा उपयोग मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाचे युरोपीय केंद्र करते. पुराचा अंदाज बांधताना पाणलोट क्षेत्र आधीच संपृक्त झाले आहे काय, हे त्यांवरून कळते. दुष्काळाच्या देखरेखीत त्यांचे महत्त्व असे की, पिकांचा हिरवेपणा घटण्याच्या आधीच ओलाव्यातील तूट दिसू लागते. पावसाच्या नोंदी विरळ असलेल्या प्रदेशांत ओलाव्यातील वाढीवरून उलट दिशेने पावसाचे प्रमाण काढण्याचे प्रयत्नही झाले आहेत. वाळवंटी टोळ ओलसर वाळूत अंडी घालतात, म्हणून टोळधाडीच्या पूर्वसूचनेतही ही माहिती उपयोगी पडते.

सिंचनाच्या बाबतीत उपग्रहाचे निरीक्षण संगणकीय प्रतिमानापेक्षा वेगळे काही सांगू शकते. केवळ पाऊस आणि बाष्पीभवन यांचा हिशेब करणाऱ्या प्रतिमानाला कालव्याने किंवा विहिरीने दिलेले पाणी माहीत नसते. पाऊस नसताना उपग्रहाला जमीन ओली दिसली, तर त्या फरकावरून सिंचित क्षेत्राचा अंदाज घेता येतो.

एका शेताला पाणी केव्हा द्यावे हे मात्र स्मॉस किंवा स्मॅपच्या आकड्यावरून ठरवता येत नाही. तो आकडा हजारो शेते, रस्ते, गावे आणि पडीक जमिनी यांची मिळून काढलेली सरासरी असतो आणि तोही वरच्या पाच सेंटिमीटरचा. प्रदेशाची स्थिती, मागील वर्षांशी तुलना आणि ओलावा घटण्याचा वेग यांसाठी तो विश्वसनीय आहे. शेताच्या पातळीवरील निर्णयासाठी जमिनीतील संवेदक किंवा मातीची प्रत्यक्ष पाहणी हाच आधार राहतो. निसारसारख्या अधिक विभेदनक्षमतेच्या रडारमुळे हे अंतर कमी होण्याची अपेक्षा आहे. परंतु त्यांच्या आकड्यांचीही पडताळणी जमिनीवरील मोजणीनेच करावी लागते.